न वाढलेल्या मुलीची आई

साखरेऐवजी वापरायच्या गोळ्यांची डबी किंवा ‘डाएट’ शीतपेयाचा कॅन कधी बारकाईने वाचला आहे का? गोडव्यासाठी त्यात अ‍ॅस्पार्टेम वापरले असेल, तर कुठेतरी कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक सूचना छापलेली असते. फिनाइलकीटोन्युरिया असलेल्यांनी हा पदार्थ घेऊ नये, अशी. बहुतेकांची नजर त्या लांबलचक शब्दावरून घसरून पुढे जाते. पण हा आजार ओळखता येऊ लागला, त्यावर उपाय सापडला आणि पुढे लाखो बाळांची जन्मतःच तपासणी होऊ लागली, यामागे डॉक्टरांच्या जोडीला काही हट्टी आईबाप होते. त्यांच्यातच एक जगप्रसिद्ध लेखिका होती. तिच्या मुलीला हाच आजार होता आणि त्याचे नाव कळायला तिला आयुष्याची चार दशके थांबावे लागले.

ही लेखिका म्हणजे पर्ल बक. ‘द गुड अर्थ’ ही त्यांची कादंबरी जगभर वाचली गेली. आपल्याकडच्या सिनेमाप्रेमींना त्यांची आणखी एक ओळख सांगता येईल. आर. के. नारायण यांच्या कादंबरीवर देव आनंद यांनी ‘गाइड’ काढला, तेव्हा त्याच्या इंग्रजी आवृत्तीच्या पटकथालेखनात पर्ल बक यांचा हात होता.

पर्ल यांचा जन्म 26 जून 1892 रोजी अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात झाला. आईवडील ख्रिस्ती धर्मप्रचारक. पर्ल काही महिन्यांच्या असतानाच कुटुंब चीनला परतले आणि यांगत्से नदीकाठच्या झेनजियांग शहरात त्यांचे बालपण गेले. त्यांच्या कानावर इंग्रजीच्या जोडीनेच चिनी भाषा पडली. महाविद्यालयीन शिक्षण अमेरिकेत घेऊन त्या पुन्हा चीनला आल्या आणि 1917 मध्ये जॉन लॉसिंग बक या कृषितज्ज्ञाशी त्यांनी लग्न केले.

मार्च 1920 मध्ये त्यांना मुलगी झाली. तिचे नाव कॅरोल. बाळ गोरेपान, निळ्या डोळ्यांचे, दिसायला अतिशय देखणे होते. आईला तर ते जन्मल्या जन्मल्याच शहाणे वाटले. याच सुमारास पर्ल यांच्या गर्भाशयात गाठ आढळली. त्यासाठी अमेरिकेत जाऊन शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्यानंतर त्यांना पुन्हा मूल होणे शक्य नव्हते. त्यामुळे सगळा जीव या एका लेकीत गुंतला.

कॅरोलच्या अंगावर पुरळ उठे, तिच्या अंगाला एक प्रकारचा कुबट वास येई. पण लहान मुलांना असे होतेच, असे समजून कोणी त्याचा फार विचार केला नाही. मुलगी उशिरा चालू लागली. तीन वर्षांची झाली तरी बोलेना. ओळखीचे लोक धीर देत. काही मुले उशिरा बोलतात, काळजी करू नका, असे सांगत. आपल्याकडेही अशा वेळी घरातली वडीलधारी माणसे हेच सांगतात. त्यात माया असते, पण कधीकधी त्यातच मोलाची वर्षे निघून जातात.

अमेरिकेहून आलेल्या एका बालरोगतज्ज्ञाचे व्याख्यान पर्ल यांनी ऐकले. मुलांच्या वाढीत कोणत्या खुणांकडे दुर्लक्ष करू नये, हे त्यात सांगितले होते. ते ऐकताना त्यांच्या मनातल्या शंकेला पहिल्यांदा आकार आला. मग सुरू झाली डॉक्टरांची वारी. मुलीला घेऊन त्या अमेरिकेला गेल्या, या तज्ज्ञाकडून त्या तज्ज्ञाकडे फिरल्या. प्रत्येक जण तपासत होता आणि प्रत्येक जण थोडी आशा ठेवा म्हणत होता. कारण मात्र कोणालाच सांगता येत नव्हते.

शेवटी मिनेसोटा राज्यातल्या मेयो क्लिनिकमध्ये सगळ्या तपासण्या झाल्या. तिथल्या मुख्य बालरोगतज्ज्ञांनीही सौम्य शब्दांत तेच सांगितले. पर्ल बाहेर पडत असताना, तपासणीच्या वेळी हजर असलेला दुसरा एक डॉक्टर त्यांना गाठून बोलला. तो अमेरिकेत जन्मलेला नव्हता, बोलण्यात जर्मन ढब होती. त्याने कसलाही आडपडदा न ठेवता सांगितले, की ही मुलगी कधीच इतरांसारखी होणार नाही. खोट्या आशेवर पैसा आणि आयुष्य उधळू नका, ती आनंदात राहील अशी जागा शोधा. त्या क्षणी हे शब्द पर्ल यांच्या काळजात घुसले. पण पुढे आयुष्यभर त्या माणसाविषयी त्यांना कृतज्ञता वाटत राहिली. तोवर भेटलेल्या सगळ्यांमध्ये खरे सांगणारा तो एकटाच निघाला होता.

तरीही आईचे मन इतक्या सहज मानत नाही. आपण स्वतः शिकवले तर ती शिकेल, या जिद्दीने पर्ल यांनी कॅरोलला अक्षरे गिरवायला लावली. एक दिवस पेन्सिल धरवण्यासाठी मुलीचा हात हातात घेतला, तर तो घामाने ओलाचिंब झाला होता. मूल किती ताणाखाली आहे, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आले. कॅरोलला त्यातले काही कळत नव्हते, ती केवळ आईला बरे वाटावे म्हणून धडपडत होती. पर्ल यांनी त्या दिवसापासून पाटी-पुस्तक बाजूला ठेवले. मूल शिकले पाहिजे यापेक्षा ते आनंदी असले पाहिजे, हे त्यांनी स्वतःला बजावले.

चिनी शेजाऱ्यांनी कॅरोलला सहज सामावून घेतले होते. एखादा लंगडा असतो, एखादा आंधळा असतो, तशी ही एक, इतक्या साधेपणाने ते तिच्याकडे पाहत. गोऱ्या लोकांचे मात्र तसे नव्हते. शांघायच्या रस्त्यावर दोन अमेरिकी तरुणींनी मुलीला वेडी म्हटलेले पर्ल यांनी स्वतःच्या कानांनी ऐकले. आपल्या मागे हिचे काय होईल, हा प्रश्न तेव्हापासून त्यांचा पिच्छा सोडेना. अशा मुलांच्या प्रत्येक आईबापाला हा प्रश्न रात्री जागवतो.

1929 मध्ये त्यांनी न्यू जर्सी राज्यातल्या व्हाइनलँड ट्रेनिंग स्कूल या निवासी संस्थेत कॅरोलला ठेवले. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. संस्थेचे प्रमुख एडवर्ड जॉन्स्टन यांचा भर मुलांच्या आनंदावर होता. आधी मूल सुखी असावे, बाकीचे मागाहून येते, असे ते मानत. पण खर्च मोठा होता आणि धर्मप्रचारकांच्या वर्तुळातल्या या कुटुंबाला तो झेपणारा नव्हता. पर्ल यांनी कर्ज काढले. मुलीच्या आयुष्यभराची सोय करायची, तर स्वतः कमावले पाहिजे, हे उघड होते. त्यांना कमाईचा जो मार्ग ठाऊक होता, तो लेखनाचा. 1930 मध्ये त्यांची पहिली कादंबरी आली. 1931 मध्ये ‘द गुड अर्थ’ आली आणि तिने विक्रीचे उच्चांक मोडले. 1932 मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. 1938 मध्ये पर्ल यांना साहित्याचे नोबेल मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या अमेरिकी स्त्री. पुढे त्यांनी व्हाइनलँडला मोठ्या देणग्या दिल्या आणि कॅरोलसाठी तिथे स्वतंत्र घर बांधून दिले.

‘द गुड अर्थ’मधल्या वांग लुंग या शेतकऱ्याची थोरली मुलगी बौद्धिकदृष्ट्या अक्षम आहे. बाप तिला जवळ ठेवतो, आपल्या मागे तिला कोण सांभाळेल या काळजीने व्याकूळ होतो. लाखो वाचकांनी ते वाचले. पण लेखिकेच्या घरीच अशी मुलगी आहे, हे फार थोड्यांना ठाऊक होते. पर्ल यांनी कॅरोलविषयी जाहीरपणे बोलणे कटाक्षाने टाळले होते.

या मौनाचे कारण समजून घ्यायला हवे. ज्या व्हाइनलँडमध्ये कॅरोल राहत होती, तिथेच काही वर्षांपूर्वी हेन्री गोडार्ड नावाचे मानसशास्त्रज्ञ काम करत होते. 1912 मध्ये त्यांनी एका कुटुंबाच्या अनेक पिढ्यांवर पुस्तक लिहिले. मंदबुद्धी, दारिद्र्य आणि दुर्वर्तन हे सगळे एकाच वाईट रक्तातून येते, असा त्याचा सूर होता. पुढे हे संशोधन सपशेल चुकीचे ठरले. पण तोवर त्याने समाजाच्या मनात एक समजूत पक्की करून टाकली होती, की घरात असे मूल असेल तर त्या घराण्यातच खोट आहे. अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी सक्तीच्या नसबंदीचे कायदे केले, तो हाच काळ. अशा वेळी आईबाप गप्प बसले, मुलाला दूर ठेवून त्याचे नावही घेईनासे झाले, तर नवल नाही. प्रत्येक घर आपले दुःख दार लावून भोगत होते. त्यामुळे एका घराला जे कळले, ते दुसऱ्या घरापर्यंत पोहोचत नव्हते.

त्याच सुमारास, हजारो मैलांवरच्या नॉर्वेत आणखी एक आई डॉक्टरांचे उंबरठे झिजवत होती. तिचे नाव बोर्ग्नी एगेलँड. तिची मुलगी आणि मुलगा, दोघांचीही बौद्धिक वाढ खुंटली होती. त्यांच्या लघवीला एक विचित्र कुबट वास येतो, हे तिने हेरले होते. वासाचा आणि आजाराचा काही संबंध असेल का, असे ती प्रत्येक डॉक्टरला विचारी आणि प्रत्येक डॉक्टर ते झटकून टाकी. 1934 मध्ये आस्ब्यॉर्न फोलिंग या रसायनशास्त्र जाणणाऱ्या डॉक्टरांनी तिचे म्हणणे ऐकून घेतले. मुलांच्या लघवीत त्यांनी फेरिक क्लोराइड टाकले, तर द्रावण गडद हिरवे झाले. असा रंग त्यांनी कधी पाहिला नव्हता. पुन्हा पुन्हा नमुने मागवून त्यांनी त्यातला पदार्थ वेगळा केला. तो होता फिनाइलपायरुव्हिक आम्ल. मग त्यांनी निवासी संस्थांमधल्या 430 जणांची तपासणी केली, तेव्हा आणखी आठ जणांमध्ये हाच दोष सापडला. बौद्धिक अक्षमतेच्या एका प्रकारामागचे शरीरातले रासायनिक कारण पहिल्यांदा हाती लागले होते. सुरुवात झाली होती एका आईच्या नाकापासून.

हा दोष नेमका काय आहे? दूध, डाळी, अंडी, मांस यांतल्या प्रथिनांमध्ये फिनाइलअ‍ॅलनिन नावाचे अमिनो आम्ल असते. यकृतातले एक विकर त्याचे टायरोसिन या दुसऱ्या अमिनो आम्लात रूपांतर करते. फिनाइलकीटोन्युरियात, म्हणजे पीकेयूमध्ये, हे विकर बनवणारे जनुक सदोष असते. त्यामुळे फिनाइलअ‍ॅलनिन रक्तात साठत जाते आणि वाढत्या मेंदूला इजा करते. त्यापासून बनणाऱ्या काही पदार्थांमुळे कुबट वास येतो. शरीराला रंग देणारे मेलॅनिन टायरोसिनपासून बनते, तेही कमी पडते, म्हणून त्वचा आणि केस फिकट राहतात. पोटात असताना आईचे शरीर हा भार उचलते, त्यामुळे बाळ जन्मतः अगदी धडधाकट दिसते. नुकसान सुरू होते ते बाळ दूध पिऊ लागल्यावर. कॅरोलचे गोरेपण, अंगावरचे पुरळ, तो वास, उशिरा येणारे चालणे-बोलणे या सगळ्यांचा एकमेकांशी संबंध होता. पण 1920 च्या दशकात तो सांगू शकेल असा डॉक्टर जगात कुठेच नव्हता.

आणि यात घराण्याच्या खोटीचा प्रश्नच नसतो. आई आणि वडील दोघेही या जनुकाची एकेक सदोष प्रत बाळगून असतात, पण स्वतः पूर्ण निरोगी असतात. त्यांना आपण वाहक आहोत हे ठाऊकही नसते. दोघांकडूनही सदोष प्रत आली तरच मुलाला आजार होतो. ही शक्यता प्रत्येक गरोदरपणात चारात एक असते.

कॅरोल तीस वर्षांची झाली, तेव्हा पर्ल यांनी मौन सोडले. 1950 च्या मे महिन्यात ‘लेडीज होम जर्नल’ या मासिकात त्यांनी कॅरोलची गोष्ट लिहिली. त्याच वर्षी ती छोट्या पुस्तकाच्या रूपात आली. नाव होते, ‘द चाइल्ड हू नेव्हर ग्र्यू’. अशाच मुलांच्या आईबापांची पत्रे त्यांना येत असत. मुलाला घरी ठेवू की संस्थेत, पुढच्या मुलाचा विचार करू की नको, लोकांना काय सांगू, असे प्रश्न त्यांत असत. त्या पत्रांना उत्तर म्हणूनच हे लेखन होते. त्यात उपदेश कमी आणि हकिगत जास्त आहे. डॉक्टरांच्या दारांवरच्या फेऱ्या, तो स्पष्टवक्ता माणूस, घामाने भिजलेला तो हात, संस्थेच्या दारात मुलीला सोडून परत फिरण्याचा दिवस, हे सगळे त्यांनी लपवाछपवी न करता मांडले. अशा मुलाची लाज बाळगू नका आणि आपल्या पश्चात त्याची सोय काय, याचा विचार लवकर करा, हे सांगितले. दुसऱ्याच्या बुद्धीवरून त्याची किंमत करू नये, हे आपल्याला कॅरोलनेच शिकवले, असेही त्यांनी नोंदवले.

नोबेल मिळालेल्या बाईच्या घरी जर असे मूल असू शकते, तर आपण का तोंड लपवायचे, असे अनेक घरांना वाटले. त्याच 1950 मध्ये अमेरिकेतल्या ठिकठिकाणच्या पालकगटांनी मिनियापोलिस शहरात एकत्र येऊन राष्ट्रीय संघटना स्थापन केली. हे गट आधीपासून तयार होत होते, त्यामुळे त्याचे सारे श्रेय एका पुस्तकाला देता येणार नाही. पण बंद दारे उघडू लागली होती, आणि ती उघडण्यात या पुस्तकाचा वाटा मोठा होता.

पुढची हकिगत वाचली, म्हणजे पालकांनी एकमेकांशी आणि डॉक्टरांशी बोलण्याने काय घडते ते समजते. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या मुलांच्या रुग्णालयात एका लहान मुलीला पीकेयू असल्याचे निदान झाले. उपचार नाही, असे डॉ. हॉर्स्ट बिकेल यांनी तिच्या आईला सांगितले. आई ऐकेना. ती रोज येऊन उपाय विचारत राहिली. तिच्या या तगाद्यामुळेच बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिनाइलअ‍ॅलनिन जवळपास काढून टाकलेले खास अन्न तयार केले. काही महिन्यांत मुलगी रांगू लागली, उभी राहू लागली, तिचे केस गडद झाले. हा परिणाम आहाराचाच आहे का, हे पडताळण्यासाठी डॉक्टरांनी आईला न सांगता त्या अन्नात फिनाइलअ‍ॅलनिन मिसळले. आज असे करणे नीतिबाह्य ठरेल. आठवड्याभरात आईच सांगत आली, की मुलीची सगळी प्रगती नाहीशी होत आहे. 1953 मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. पीकेयूवर आहाराचा इलाज आहे, हे सिद्ध झाले.

पण मेंदूचे नुकसान एकदा झाले, की आहाराने ते भरून येत नाही. त्यामुळे निदान पहिल्या काही दिवसांतच व्हायला हवे होते. ते काम केले रॉबर्ट गुथ्री यांनी. अमेरिकेतल्या बफेलोचे हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ कर्करोगावर संशोधन करत होते. त्यांचा एक मुलगा बौद्धिकदृष्ट्या अक्षम होता, म्हणून ते तिथल्या पालक संघटनेत जाऊ लागले. पीकेयूसाठी रक्ताच्या सोप्या चाचणीची गरज आहे, हे तिथल्याच ओळखीतून त्यांना कळले. 1958 मध्ये त्यांच्या भाचीलाही पीकेयू असल्याचे निष्पन्न झाले, पण तोवर उशीर झाला होता. गुथ्रींनी कर्करोगाचे काम सोडले. बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घ्यायचा, तो गाळणकागदावर सुकवायचा आणि जिवाणूंच्या वाढीवरून फिनाइलअ‍ॅलनिनचे प्रमाण ओळखायचे, अशी स्वस्त चाचणी त्यांनी शोधली. 1963 मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि अमेरिकेतल्या राज्यांनी एकामागून एक ती सक्तीची केली. त्यासाठी पालकांच्या संघटनांनी जोर लावला होता. आज अनेक देशांत प्रत्येक बाळाच्या टाचेतून असा थेंब घेतला जातो आणि त्यावरून पीकेयूबरोबर इतरही अनेक जन्मजात आजार ओळखता येतात.

कॅरोलचा आजार पीकेयूच होता, हे 1960 च्या दशकात कळले. तेव्हा ती चाळिशीत होती. तिला आता त्याचा उपयोग नव्हता. पण इतकी वर्षे जो प्रश्न आईचे मन पोखरत होता, त्याला नाव मिळाले. पर्ल बक यांचे निधन 6 मार्च 1973 रोजी झाले. कॅरोल 1992 पर्यंत व्हाइनलँडमध्ये राहिली. संगीत ऐकणे हा तिचा आवडता छंद होता. आपल्या मागे हिचे काय, या प्रश्नाचे उत्तर आईने आधीच लिहून ठेवले होते.

पर्ल यांचा प्रत्येक निर्णय आज जसाच्या तसा घ्यावा, असे नाही. अशा मुलांना घरापासून दूर ठेवण्याऐवजी घरी, शाळेत आणि वस्तीत सामावून घ्यावे, असे आता मानले जाते. त्यांच्या काळात मात्र तसा आधार देणारी व्यवस्थाच नव्हती.

आपल्याकडे नवजात बाळांची ही तपासणी सगळीकडे होतेच असे नाही. म्हणून प्रसूतीआधीच डॉक्टरांना तिच्याविषयी विचारून ठेवावे. मूल बसणे, चालणे, बोलणे यांत मागे पडत असेल तर थांबून वाट पाहू नये. घरात आधी असे मूल असेल, किंवा मामेभाऊ-आतेबहीण अशा नात्यात लग्न झाले असेल, तर पुढच्या गरोदरपणाआधी जनुकीय समुपदेशन घ्यावे. जवळच्या नात्यात दोघेही एकाच सदोष जनुकाचे वाहक असण्याची शक्यता वाढते. दुर्मीळ आजारांसाठीच्या 2021 च्या राष्ट्रीय धोरणात पीकेयूचा समावेश आहे. कोणती मदत मिळू शकते, याची चौकशी उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे करावी.

आणि अशाच मुलांचे दुसरे आईबाप शोधावेत. खास आहार रोजच्या स्वयंपाकात कसा बसवायचा, शाळेत काय सांगायचे, नातेवाइकांच्या प्रश्नांना काय उत्तर द्यायचे, हे औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते. ते दुसऱ्या आईलाच ठाऊक असते. मुलाच्या अंगाचा वास, त्याचा रंग, त्याची नजर, यांबद्दल आईबापांनी टिपलेली छोटीशी गोष्टही डॉक्टरांना सांगावी, आणि डॉक्टरांनी ती कान देऊन ऐकावी. नॉर्वेतल्या त्या आईचे ऐकायला एक डॉक्टर थांबला, म्हणून आज टाचेतल्या एका थेंबावर मूल वाचवता येते.